थैली चौकटीबाहेर राहिली

रॉसिनीच्या ‘द बार्बर ऑफ सेव्हिल’ या ऑपेराच्या दुसऱ्या अंकात बाझिलिओ दारात उभा राहतो, तोही नको त्या वेळी. रोझिनाला गाणं शिकवणारा मास्तर तो, आणि इकडे तिच्यावर भाळलेला काउंट आल्माविवा, तिच्याशी लग्न करू पाहणाऱ्या तिच्या म्हाताऱ्या पालकाला, बार्तोलोला, ‘मास्तर आजारी आहेत, मी त्यांचा शिष्य’ अशी थाप मारून पियानोपाशी बसलेला. क्षणभर सगळ्यांची पाचावर धारण बसते. मग काउंट हळूच पैशांची थैली बाझिलिओच्या हातात सरकवतो. काउंटचा साथीदार फिगारो न्हावी नाडी बघतो, सगळे मिळून त्याला पटवतात की तुला ताप भरलाय, प्रेतासारखा पिवळा पडलायस, घरी जाऊन झोप. ही पाच जणांची जागा म्हणजे अख्ख्या ऑपेरातला सगळ्यांत नेमका बेतलेला विनोद. ‘बार्बर’च्या एका नावाजलेल्या चित्रीकरणात थैली हातात पडते नेमकी तेव्हा पडद्यावर रोझिनाचा चेहरा आहे. प्रकाश छान, चेहरा छान, गालावरची बट छान. थैली मात्र चौकटीबाहेर. पुढच्याच क्षणी बाझिलिओ चक्रावून ‘थैली? झोपायला जा?’ असं पुटपुटतो आणि नाट्यगृह हशाने भरून जातं. घरी बसून बघणाऱ्याला तो हशा नुसता ऐकू येतो, कशासाठी ते कळत नाही.

गाण्यात काही उणं नव्हतं. वाद्यवृंद उत्तम होता, पाचही आवाज चांगले होते. तरीही ते चित्रीकरण त्या जागी फसलं, आणि ते का फसलं हे समजून घेताना एकूणच विनोदी ऑपेराची चित्रीकरणं कशी जोखायची याची एक रीत हाताला लागते. शोकान्त ऑपेरात क्लोजअप खपून जातो. मरणाऱ्या नायिकेचा चेहरा पडदाभर दाखवला तर फारसं काही निसटत नाही. इटालियन विनोदी ऑपेराचं तसं नाही. तिथे एक जण गातो आणि गंमत दुसऱ्याच्या तोंडावर घडते. नाट्यगृहातल्या प्रेक्षकाचा डोळा मोकळा असतो, त्याला हवं तिथे तो जातो. चित्रीकरणात तो हक्क दिग्दर्शकाच्या हातात असतो. म्हणून माझा पहिला निकष एकच: जो गात नाही, तो दिसतो का?

एकल गाण्यांवरून चित्रीकरणाची पारख करू नये. फिगारोचं प्रवेशाचं गाणं किंवा रोझिनाचं ‘ऊना वोचे पोको फा’ कुणीही बऱ्यापैकी टिपतो, कारण बघायचं कुठे हा प्रश्नच तिथे नसतो. सरळ पहिल्या अंकाचा शेवट लावावा. दारुड्या शिपायाच्या वेषातला काउंट घरात गोंधळ घालतो, पहारा येतो, अधिकारी त्याला धरायला पुढे होतो, काउंट त्याला गुपचूप एक कागद दाखवतो आणि अधिकारी एकदम मागे सरून ताठ उभा राहतो. इथे सगळेच थिजतात. ‘फ्रेद्दा एद इम्मोबिले’, म्हणजे पुतळ्यासारखे गार नि निश्चल झाल्याचं गाणं, अगदी हळू सुरू होतं. एकेक आवाज आत येत जातो. नाट्यगृहात या जागेची मजा अशी की सगळे एकाच वेळी गोठलेले दिसतात, फक्त ओठ हलतात, आणि फिगारो तेवढा बार्तोलोकडे बघून हसू दाबतो. एकेका गाणाऱ्याचा क्लोजअप घेत गेलं की गोठलेपण संपलंच, कारण एकट्या माणसाचं स्तब्ध उभं राहणं म्हणजे नुसतं उभं राहणंच. इथे कॅमेरा मागे हवा, आणि निदान दोन-तीन ओळी तरी जागचा हलायला नको. मग लय उसळते, डोक्यात ऐरणीवर घण पडताहेत असं सगळे गाऊ लागतात, तेव्हा हवे तेवढे कट घ्यावेत.

याच ठिकाणी कानाचीही परीक्षा होते. रंगमंचाच्या मागच्या टोकाला असलेला कोरस वाद्यवृंदापासून १५ मीटरवर असला, तर त्याचा आवाज पुढे पोचायला सेकंदाचा जवळजवळ विसावा भाग जातो. शेवटच्या धावत्या भागात एवढा उशीरसुद्धा सैलसर वाटतो. अनुभवी कंडक्टर आणि कोरसमास्तर गाणाऱ्यांना किंचित आधी उचलायला लावून तो भरून काढतात. चित्रीकरणात मायक्रोफोन जवळ असले की हा फरक झाकला जातो किंवा उलट उघडा पडतो, ते ध्वनिमुद्रकाने काय मिसळलंय त्यावर. तिथे शब्दांची खिचडी ऐकू आली तर लगेच गायकांना दोष देऊ नये. आधी व्हायोलिनं आणि कोरस एकत्र पडताहेत का ते ऐकावं. ती एकत्र असूनही शब्द कळत नसतील, तर लय गळ्यांना झेपेल त्याहून जास्त ठेवलीय असं समजावं.

ऑपेराची चित्रीकरणं मुळात दोन जातींची. एका जातीत नाट्यगृहातला खरा प्रयोग टिपलेला असतो, दुसरीत आधी आवाज ध्वनिमुद्रित करून मग त्यावर ओठ हलवत स्टुडिओत चित्रपट काढलेला असतो. दुसऱ्या जातीचा सगळ्यांत मोठा नमुना म्हणजे १९७२ चा ज्याँ-पिएर पोनेलचा चित्रपट. मिलानच्या ला स्काला ऑपेरागृहाचा वाद्यवृंद, कंडक्टर क्लाउदिओ अब्बादो, गायक तेरेसा बेर्गान्सा, हर्मान प्राय, लुइजी आल्वा. आल्बेर्तो झेद्दा यांनी संपादित केलेली ‘बार्बर’च्या स्वरलिपीची चिकित्सक संहिता १९६९ मध्ये आली. त्याआधी दीडशे वर्षं चढत गेलेले थर, फुगवलेली वाद्यं, परंपरेच्या नावाखाली घुसलेल्या करामती, हे सगळं तिने खरवडून काढलं होतं. अब्बादोंनी तीच संहिता वापरली, आणि तो हलका, कोरडा, चपळ आवाज या चित्रपटात अजून ताजा वाटतो. पोनेल कट घेतो तो सुरावटीच्या हिशेबाने. वाक्य संपलं की चौकट बदलते, त्यामुळे कॅमेरा गाण्याच्या आड येत नाही. त्याची किंमत एकाच ठिकाणी मोजावी लागते. गाताना माणूस श्वास घेतो तो छातीत, बरगड्यांत दिसतो. वरच्या स्वराला गळ्याच्या शिरा ताणतात, जबडा खाली येतो. ओठ हलवणाऱ्या गायकाचा गळा मात्र निवांत असतो. बार्तोलोच्या ‘आ उन दोत्तोर’ या भरभर शब्दांच्या गाण्यात हे पटकन पकडता येतं. गाणं मेहनतीने घामाघूम करणारं, चेहरा मात्र कोरडा.

एन्झो दारा तिथे बार्तोलो आहे, आणि तोच दारा १९८८ च्या न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या, म्हणजे ‘मेट’च्या, प्रयोगातही आहे. एकाच भूमिकेतला एकच गायक, सोळा वर्षांच्या अंतराने, एकदा स्टुडिओत आणि एकदा भरल्या नाट्यगृहात. कॅमेऱ्याचं काम किती आणि माणसाचं किती हे वेगळं काढायला अशा जोड्यांइतका चांगला मार्ग नाही. सुदैवाने ‘बार्बर’मध्ये त्या भरपूर सापडतात. फेर्रुच्चो फुर्लानेत्तोचा बाझिलिओ १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या ग्लाइंडबोर्नला दिसतो, मग १९८८ ला मेटमध्ये, मग २००९ ला लंडनमध्ये. आलेस्सान्द्रो कोर्बेल्लीचा बार्तोलो लंडनला २००९ मध्ये, ग्लाइंडबोर्नला २०१६ मध्ये आणि रोमला २०२० मध्ये. हुआन दिएगो फ्लोरेसचा काउंट माद्रिदला २००५ मध्ये, मेटला २००७ मध्ये आणि लंडनला २००९ मध्ये. एकच जागा लागोपाठ लावून बघावी. गायकाची ठेवणीतली लकब तिन्हीकडे सारखीच निघते. ज्या चित्रीकरणात ती नवी वाटते, तिथला कॅमेरा शहाणा.

आता आवाजाचं. क्लोजअपमुळे आवाज मोठा वाटतो, आणि मायक्रोफोनमुळे लहान गळा नि मोठा गळा सारखेच ऐकू येतात. जर्मनीतल्या श्वेत्सिंगेनच्या १९८८ च्या प्रयोगात चेचिलिया बार्तोली जेमतेम बाविशीची आहे, नाट्यगृह अठराव्या शतकातलं आणि छोटेखानी. तिथली तिची प्रत्येक तान मोत्यासारखी सुटी ऐकू येते, कारण जागाच तशी आहे. चार हजारांच्या आसपास माणसं बसणाऱ्या मेटमधल्या रोझिनाची तिच्याशी तुलना पडद्यावर करता येते, पण ती न्याय्य नाही. आवाजाचा आकार चित्रीकरणावरून ठरवूच नये. ठरवता येतं ते एवढंच: तानेतला प्रत्येक स्वर आपल्या जागी पडतो का, आणि दुसऱ्या फेरीत भर घातलेल्या हरकती त्या गळ्याच्या आहेत की उसन्या आणलेल्या.

पट्टी मात्र तपासावीच. रॉसिनीने रोझिना खालच्या, गडद आवाजासाठी लिहिली. १८१६ मध्ये रोमच्या तेआत्रो अर्जेंतिनात ती पहिल्यांदा गायली ती जेल्त्रूदे रिगेत्ती-जोर्जी ही त्याच जातीच्या आवाजाची. ‘ऊना वोचे’ मूळ ई मेजरमध्ये आहे. उंच आवाजाच्या गायिका ते अर्धा स्वर चढवून एफ मेजरमध्ये गातात, आणि मग बहुतेक करामती वरच्या बाजूला जातात. मेटच्या १९८८ च्या प्रयोगातली कॅथलीन बॅटल उंच आवाजाची आहे. तिचं गाणं चमकदार आहे यात शंका नाही, पण खालच्या स्वरांत जो ‘मला डिवचलंत तर बघा’ असा दबलेला दम हवा तो वर गेल्यावर गोडव्यात विरतो. रोझिना गोड आहे, पण नुसती गोड नाही. पट्टी तपासताना एक खबरदारी घ्यावी. चित्रपटाच्या फिल्मवर सेकंदाला २४ चौकटी असतात, युरोपच्या टीव्ही पद्धतीत २५. काही जुन्या प्रती नुसत्या वेग वाढवून २५ वर नेलेल्या असतात. मग सगळं चार टक्क्यांनी जलद चालतं आणि सूर जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो. अशा प्रतीत ई मेजरचं गाणं कानाला एफसारखं लागतं, आणि गायिकेवर नाहक आळ येतो. दुसऱ्या प्रतीशी गाण्याची लांबी ताडून पाहिली की उलगडा होतो.

बाझिलिओचं ‘ला कालुन्निया’ हे ध्वनिमुद्रणाची कसोटी म्हणून मला सगळ्यांत भरवशाचं वाटतं. अफवा कशी पसरते याचं हे गाणं. आधी नुसती झुळूक, कानाशी कुजबुज, व्हायोलिनं घोडीजवळ गज घासून चरचरीत, पातळ आवाज काढतात, मग ती कुजबुज फुगत फुगत तोफेच्या धडाक्यापर्यंत जाते आणि मोठा ढोल वाजतो. मूळ डी मेजरमधलं हे गाणं बहुतेक बाझिलिओ सी मेजरमध्ये उतरवून गातात, त्यात गैर काही नाही. ऐकायचं ते हे: सुरुवातीची ती चरचर जेमतेम ऐकू येईल एवढाच आवाज ठेवावा आणि मग शेवटपर्यंत बटणाला हात लावू नये. तोफ उडाली तेव्हा दचकायला झालं तर ध्वनिमुद्रण प्रामाणिक आहे. कुजबुज आणि तोफ सारख्याच आवाजात आल्या, तर प्रसारणासाठी आवाज दाबून सपाट केलाय. रॉसिनीची अर्धी गंमत या चढत्या आवाजात असते, ती सपाट केली की बाकीचं सारं असून नसल्यासारखं. लहान मोबाइलच्या स्पीकरवर ही परीक्षा घेऊ नये. हेडफोन हवेत.

दृश्याचा आणि आवाजाचा मेळ हाही असाच घरबसल्या बघण्याचा भाग. आवाज ओठांच्या आधी आला तर ४५ मिलिसेकंदांनाही तो खटकू लागतो, मागून आला तर १२५ पर्यंत डोळा सांभाळून घेतो. कारण साधं आहे. निसर्गात आवाज दृश्याच्या मागूनच येतो, नाट्यगृहात ३० मीटरवर बसलेला प्रेक्षक रोज ९० मिलिसेकंद उशिराने ऐकतोच. हा मेळ बसला आहे का हे बघायला काउंटचं गिटारवरचं गाणं वापरू नये, कारण गिटार बहुतेकदा दुसराच कुणीतरी वाजवत असतो. चुटकी, टाळी, आपटलेलं दार असं काहीतरी शोधावं.

प्रयोगाचं चित्रीकरण म्हणजे एकाच रात्रीचा प्रयोग असंही बहुधा नसतं. दोन किंवा अधिक रात्रींचे तुकडे जोडलेले असतात. ते कळतात ते दाढीच्या प्रसंगात. बाझिलिओ गेल्यावर फिगारो बार्तोलोला खुर्चीत बसवून फेस लावतो, आणि तो फेस कधीच दोन रात्री सारखा नसतो. एका चौकटीत डाव्या कानापर्यंत आलेला फेस पुढच्या चौकटीत हनुवटीवरच थांबलेला दिसला, तर तिथे सांधा आहे. यात फसवणूक नाही. चांगल्या जोडणीत दोन्ही रात्रींचा सर्वोत्तम भाग हाती येतो. पण सांधा विनोदाच्या मधोमध पडला तर नटांची लय तुटते, कारण सोमवारच्या नजरेला बुधवारचं उत्तर मिळतं.

जे कळायला सगळ्यांत कठीण, ते म्हणजे हशा.

नाट्यगृहात रंगमंचावरच्या पट्टीवर भाषांतर झळकतं ते गायक वाक्य पुरं करायच्या आधी. लोक वाचून हसतात, आणि गायकाला अजून शेवटचा शब्द म्हणायचा असतो. कसलेला बार्तोलो किंवा फिगारो हे ओळखून विनोदाचा भार शब्दावरून काढून हावभावावर नेतो, किंवा संवादाच्या जागी, जिथे नुसतं पियानोच्या सुरांवर बोलत जायचं असतं, तिथे पाव सेकंद थांबतो. कोर्बेल्ली हे कसं करतो ते पाहण्यासारखं आहे. त्याच्या नजरेतूनच कळतं की आता बोलायचं नाही, हशा ओसरू द्यायचा. म्हणून चित्रीकरण दुसऱ्यांदा बघताना सबटायटल्स बंद करावीत. कथा तर ठाऊक असतेच. डोळे खालच्या ओळीवरून सुटले की कोण कुणाकडे बघतंय हे पहिल्यांदाच दिसू लागतं.

रोमच्या २०२० च्या चित्रीकरणात हा हशाच नाही. महामारीत बंद पडलेलं नाट्यगृह, रिकाम्या खुर्च्या, मुखपट्ट्या लावलेले वादक, आणि मारिओ मार्तोने या दिग्दर्शकाने अख्ख्या प्रेक्षागृहात ताणलेल्या दोऱ्या, ज्या शेवटी कापल्या जातात. कंडक्टर दानिएले गात्ती यांनी काढून घेतलेलं संगीत देखणं आहे. पण हशासाठी ठेवलेल्या फटी तशाच उघड्या राहतात, आणि विनोदी ऑपेरा किती प्रमाणात प्रेक्षकांनी लिहिलेला असतो हे तिथे कळतं. याउलट अ‍ॅमस्टरडॅमचा १९९२ चा दिग्दर्शक दारिओ फोचा प्रयोग. खुद्द झेद्दा वाद्यवृंदासमोर, आणि रंगमंचावर कसरती, सोंगं, धावपळ यांची अशी गर्दी की नाट्यगृहातल्या माणसाला दोन डोळे कमी पडावेत. कॅमेऱ्याला तर एकच डोळा. त्यामुळे पडद्यावर तो प्रयोग सतत काहीतरी राहून गेल्यासारखा वाटतो. दोष फोचा नाही. काही प्रयोग टिपण्यासाठी नसतातच.

काउंटच्या ‘चेस्सा दि प्यू रेझिस्तेरे’ या शेवटाकडच्या गाण्याबद्दल रसिक हमरीतुमरीवर येतात. अवघड, लांबलचक, आणि कथा संपत आलेली असताना येणारं, म्हणून ते पिढ्यान् पिढ्या गाळलं गेलं. रॉसिनीने त्यातला शेवटचा भाग १८१७ मध्ये ‘ला चेनेरेन्तोला’ या आपल्याच दुसऱ्या ऑपेराच्या नायिकेला देऊन टाकला. मेटमध्ये १९८८ ला रॉकवेल ब्लेकने आणि माद्रिदला फ्लोरेसने ते गायलं. गळा असा असेल तर गाळू नये हे माझं ठाम मत आहे, पण त्या सात-आठ मिनिटांत बाकीचे कोपऱ्यात काय करताहेत हे दाखवण्याची जबाबदारी दिग्दर्शकाची. माद्रिदच्या प्रयोगात दिग्दर्शक एमिलिओ साजीने सगळं काळं-पांढरं ठेवून रंग शेवटासाठी राखलेत, त्यामुळे डोळ्यालाही वाट बघण्यासारखं काही असतं. गाण्याच्या तासाच्या प्रसंगात तर पूर्वी बड्या गायिका रॉसिनीचं गाणं बाजूला ठेवून आपल्या आवडीची गाणी घालायच्या. वन्समोरसाठी कथानक थांबवणाऱ्या संगीत नाटकांच्या प्रेक्षकाला त्यात काही परकं वाटू नये.

लंडनचा २००९ चा प्रयोग मी सगळ्यांत वर ठेवतो, आणि त्याचं कारण सहानुभूती नव्हे. रोझिना गाणाऱ्या जॉइस डिडोनाटोचा पाय ४ जुलैच्या पहिल्याच प्रयोगात मोडला. तिने तो प्रयोग लंगडत, मग कुबडी घेऊन पुरा केला आणि पुढचे चाकांच्या खुर्चीतून केले. चित्रीकरण त्या खुर्चीतल्या रोझिनाचं आहे, पायाला गुलाबी प्लास्टर. हीच रोझिना आणि हाच काउंट २००७ च्या मेटमध्ये बघावेत. तिथे वादकांच्या खड्ड्याभोवती पूल बांधलेला, गायक थेट प्रेक्षकांत येतात, सगळी पळापळ मोकळी नि झोकदार. मुंबईत एनसीपीएच्या पडद्यावर मेटची चित्रीकरणं पाहणाऱ्यांना तिथली ती सढळ कॅमेरागिरी ओळखीची असेल. लंडनमध्ये तीच बाई बसलेली, तिची नजर सगळ्यांच्या खाली, आणि घरात कोंडलेल्या मुलीची अडचण न सांगता दिसते. चिडली की खुर्ची गर्रकन फिरवते, तेवढंच तिच्या हातात. कॅमेऱ्यालाही तिच्या उंचीवर उतरावं लागलं, त्यामुळे ती गात नसतानाही चौकटीत राहते. कंडक्टर आन्तोनिओ पाप्पानो लय कुठे ढिली सोडायची आणि कुठे आवळायची ते तिच्या हालचालीवरून ठरवतो आहे असं वाटतं.

राहता राहिली बेर्ता, घरातली मोलकरीण. तिच्या वाट्याला एकच गाणं, आणि अशा गाण्यांना इटलीत ‘सरबताचं गाणं’ म्हणत, कारण तेवढ्यात लोक सरबत घ्यायला उठायचे. चित्रीकरणातही दिग्दर्शक इथेच सुस्तावतात, एकच कॅमेरा लावून मोकळे होतात. नवं चित्रीकरण हाती आलं की पहिल्या अंकाच्या शेवटानंतर हे गाणं बघावं. म्हातारा लग्नाला निघालाय, पोरगी नवरा शोधतेय, आणि आपल्याला मात्र कुणी विचारत नाही, असं ती मोलकरीण सांगते. तिच्यासाठीही कुणी प्रकाश, कोन आणि वेळ यांचा विचार केला असेल, तर बाकीच्या दोन-अडीच तासांसाठी पैसे मोजायला हरकत नाही.